चौथा अध्याय

सत्यनारायणाच्या पूजेसाठी मी केलेली यादी एकोणचाळीस ओळींची होती. मुकुंदगुरुजींनी ती दहा मिनिटांत बावीसवर आणली. टेक्ससमधल्या अर्विंगच्या आमच्या घरात ते ओट्याला टेकून उभे राहिले, खिशातून लाल पेन काढलं आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसे एकेक ओळ खोडत गेले.

"केळीचे खांब? खोडा. कोपऱ्यात त्या दोन कुंड्या आहेत ना, त्या चौरंगाच्या दोन बाजूंना ठेवा. पाच प्रकारची पत्री? मागच्या अंगणात जे उगवलंय ते आणा, फक्त औषध मारलेलं नको. गोमूत्र कुठून आलं यादीत?"

"सासूबाईंच्या जुन्या वहीत होतं."

"सासूबाई इथे आहेत?"

"नाही."

"मग खोडा."

शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली. 'आंघोळीची प्लास्टिकची टोपी, एक.' मला वाटलं, सोवळ्याचाच काही प्रकार असेल. पूजेच्या दिवशी ते खुर्चीवर चढले आणि छतावरच्या धुराच्या अलार्मला त्यांनी ती टोपी घातली. "मागच्या महिन्यात एकांकडे आरती चालू असताना फायर ब्रिगेड आली होती," खाली उतरत ते म्हणाले. "त्यांनाही प्रसाद दिला. शिरा आवडला त्यांना."

ही २००१ सालची गोष्ट. तेव्हा त्यांचं वय बेचाळीसच्या आसपास असेल. मूळचे वाईचे, भिक्षुकाच्या घरातले. वडिलांनी आठव्या वर्षापासून मांडीवर पट्टी मारून मंत्र पाठ करून घेतलेले. पण त्या मुलाला ओढ लागली इंग्रजी नाटकांची. भारतातच एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवून झाल्यावर, इतर लोक मुलांच्या शिक्षणाची काळजी करतात त्या वयात, हे गृहस्थ स्वतः पीएचडी करायला टेक्ससला आले. आठवडाभर ते विद्यापीठातल्या पोरांना निबंध लिहायला शिकवत. तिथे मुकुंद म्हणणं कोणाला जमेना म्हणून सगळे त्यांना मॅक म्हणत. शनिवार-रविवारी ते आमचे गुरुजी. एका जुन्या गाडीतून यायचे. शेजारच्या सीटवर तांब्याचा कलश, त्याला सीटबेल्ट लावलेला. जीन्स घालून यायचे, खालच्या लहान बाथरूममध्ये जायचे आणि चार मिनिटांत सोवळं नेसून बाहेर. मी वेळ लावून पाहिली आहे.

मराठी मंडळाच्या पूजा समितीच्या याद्या माझ्याकडे असत. कोणाकडे कधी पूजा आहे, चौरंग कोणाकडून कोणाकडे जाणार आहे, शिरा कोण करणार. त्यामुळे गुरुजी मला 'यादीताई' म्हणत. पूजा आटोपून पाहुणे जेवायला बसले की ते हटकून सिंकपाशी यायचे आणि आपली ताम्हन-पळी स्वतः घासायचे. मी शेजारी उभी राहून पुसायची. आमच्या सगळ्या गप्पा तिथेच झाल्या.

"गुरुजी, तुमचा देवावर विश्वास आहे ना?" एकदा मी सरळ विचारलं.

"ताई, काही लोकांना पोहता येतं. मला मंत्र येतात."

"हे उत्तर नाही झालं."

"मी पोस्टमन आहे. पाकीट दारात पोचवतो. फोडून वाचणं हे माझं काम नाही."

मला हे आवडलं नाही, पण पटलं. काम नीट करणाऱ्या माणसाला मी फार प्रश्न विचारत नाही. आणि त्यांचं काम नीट होतं. कोणत्याही घरी दहा मिनिटं आधी हजर. उच्चार स्वच्छ. दक्षिणेबद्दल तोंडातून शब्द नाही. जेवायला बसण्याआधी स्वयंपाक कोणी केला हे विचारून, आत जाऊन त्या बाईला नमस्कार करायचा. आमच्यातल्या कितीतरी बायकांना त्यांच्या नवऱ्यांनी जन्मात असा नमस्कार केला नसेल.

त्यांच्या प्रबंधाचा विषय काय, हे मंडळात कोणी विचारलंच नव्हतं. 'इंग्लिशमध्ये काहीतरी' एवढंच सगळ्यांना माहीत. मी विचारलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी विनोदी नाटकांत ढोंगी धर्मगुरूंची टिंगल कशी केली जायची, हा त्यांचा विषय होता!

"म्हणजे तुमचीच टिंगल," मी म्हटलं.

"आमच्या धंद्याची," ताम्हन घासत ते म्हणाले. "काय एकेक पात्रं असतात, ताई! एक जण पापमुक्तीची पत्रं विकत फिरतो, झोळीत डुकराची हाडं, आणि सांगतो की ही संताची बोटं. दुसरा उपासाचं महत्त्व सांगत असतो आणि त्याच्या अंगरख्याच्या बाहीतून कोंबडीची तंगडी खाली पडते. लोक हसून लोळायचे. आणि हे सगळं कधी? तर नाटकातलं वाक्य न् वाक्य सरकारी माणसाकडून तपासून घ्यावं लागायचं तेव्हा. चुकलं तर तुरुंग."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की पूजा सांगताना मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

आमच्या मंडळात सुभाषकाका नगरकर हे मोठं प्रस्थ. पंचवीस वर्षं अमेरिकेत, तीन गाड्यांचं गराज, आणि संस्कार या विषयावर कोणत्याही क्षणी बोलायची तयारी. रेखा नावाच्या आमच्या मैत्रिणीने घटस्फोटानंतर एकटीच्या जोरावर टाउनहाउस घेतलं आणि वास्तूची पूजा ठेवली. संकल्पाची वेळ आली आणि सुभाषकाका उभे राहिले.

"एक मिनिट, गुरुजी. एकट्या बाईने बसायचं नसतं. माझा पुतण्या आणि सूनबाई बसतील. रेखा, तू मागे बस, बेटा."

रेखाचा चेहरा पांढरा पडला. गुरुजींनी डोळे मिटले. हात गुडघ्यांवर ठेवले, आणि खर्जातून एक असं काही वचन म्हटलं, चढ-उतारासकट, की सगळे गप्प झाले. कुठल्यातरी वेदातलं असावं असं मला वाटलं. मग डोळे उघडून शांतपणे म्हणाले, "काका, वचन स्पष्ट आहे. वास्तू जिची, संकल्प तिचा."

काकांनी हात जोडले. "शास्त्रातच आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला."

नंतर सिंकपाशी मी विचारलं, "कुठल्या ग्रंथातलं हो ते?"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि तेच वचन पुन्हा हळूच म्हटलं, या वेळी सूर काढून टाकून. "हियर एंटरेथ द फ्रायर, अँड हिज ब्रीचेस फॉल."

माझ्या हातातली वाटी सिंकमध्ये पडली.

"नाटकातली रंगसूचना आहे," ते म्हणाले. "इथे साधू प्रवेश करतो आणि त्याची चड्डी सुटते. पंचवीस वर्षं इंग्रजीत पगार घेतायत काका, ओळखलं का?"

मी हसले, खूप हसले, आणि घरी येताना गाडीत माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटते आहे. रेखाला न्याय मिळाला हे खरंच. पण हा माणूस असंही करू शकतो, हे मला कळलं होतं आणि बाकी कोणालाच नाही.

पुढच्या वर्षी आमच्या भागात नोकऱ्या जायला लागल्या. टेलिकॉम कंपन्या तर धडाधड माणसं काढत होत्या. आमच्या ओळखीचा नितीन सबनीस त्यातलाच. व्हिसावर आलेला, बायको अश्विनी, चार वर्षांची मुलगी. दुसऱ्या कंपनीने लवकर घेतलं नाही तर गाशा गुंडाळून परत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नितीनची आई, सबनीस आजी, त्याच सुमारास कऱ्हाडहून आल्या होत्या. बुटक्या, काटक, कमी बोलणाऱ्या. मुलाची नोकरी गेल्याचं कळल्या दिवशी त्या सत्यनारायण बोलल्या. मुलाला सोमवारी ऑस्टिनला मुलाखतीसाठी बोलावलं होतं. ती शेवटची आशा होती. त्याआधीच्या शनिवारी सकाळी पूजा ठरली. आजींचा तेव्हापासून एकभुक्त उपास चालू होता.

चाळीस माणसं जमली. अमेरिकेतल्या पूजेला जमतात तशी. पुरुष गराजमध्ये उभे राहून कोणाच्या कंपनीत कोण उडालं याचा हिशोब मांडत होते, मुलं वर व्हिडिओ गेम खेळत होती, बायका ओट्यापाशी. चौरंगासमोर नितीन-अश्विनी, त्यांच्यामागे भिंतीला टेकून आजी आणि सोफ्यावर डोळे मिटून सुभाषकाका. मी गुरुजींच्या मागे खुर्ची टाकून बसले होते, कारण माझं काम अध्याय मोजायचं होतं. चौथा अध्याय सुरू झाला की शिरा ओव्हनमध्ये गरम करायला टाकायचा, म्हणजे पाचवा संपेपर्यंत नैवेद्याला तयार. कितीतरी पूजा मी अशाच काढल्या आहेत. कथा ऐकायची नाही, अध्यायाचा नंबर ऐकायचा.

तिसरा संपला. कथेतला वाणी आणि त्याचा जावई तुरुंगातून सुटले. सगळ्यांनी फुलं टाकली. गुरुजींनी पोथीचं पान बाजूला ठेवलं, खालून छापील कागदांचा एक छोटा गठ्ठा वर घेतला आणि त्याच सुरात पुढे वाचायला लागले.

"सूत म्हणाले, ऋषीहो, कोणे एके काळी पळीमुनी नावाचे एक तपस्वी होऊन गेले."

मी उठत होते, ती तशीच राहिले.

"त्यांचे शिष्य झाकणऋषी. झाकणऋषींनी विचारले, गुरुवर्य, पुण्य कशाने लागते? पळीमुनी म्हणाले, बाळा, जो न ऐकता मान डोलावतो त्यास शंभर यज्ञांचे पुण्य. जो बसल्या बसल्या डुलकी घेतो त्यास सहस्र. कारण झोपलेल्या मनुष्याच्या हातून पाप घडत नाही."

सोफ्यावर सुभाषकाकांची मान डुलत होती. अश्विनी पदर सावरत होती. नितीन हात जोडून समोर बघत होता, पण त्याचं मन ऑस्टिनला होतं. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी दचकलं नाही. कोणी हसलं नाही. ओट्यापाशी कोथिंबीर चिरणं चालू होतं. गुरुजी वाचत होते, एक चोर मठात लपतो, भगवी वस्त्रं घालतो, लोक त्याला उपदेश कर म्हणतात आणि त्याला काहीच येत नसल्यामुळे समोर दिसतील त्या भांड्यांची तो नावं घेत सुटतो. पातेलेश्वर. चमचानंद. गुरुजींचा आवाज एकदाही हलला नाही.

"इति चतुर्थोऽध्यायः."

"सत्यनारायण महाराज की जय!" चाळीस माणसं म्हणाली. गराजमधलेसुद्धा. फुलं पडली.

तेव्हाच माझं लक्ष भिंतीकडे गेलं. आजी हलल्या नव्हत्या. त्यांनी मुठीतली फुलं टाकली नव्हती. त्या गुरुजींकडे सरळ बघत होत्या.

नैवेद्य झाला, आरती झाली. गुरुजी आज सिंकपाशी आले नाहीत, भांडी तशीच पिशवीत भरून बाहेर निघाले. मी त्यांना गाडीपाशी गाठलं.

"काय वाचलंत तुम्ही?"

"ऐकलंत?" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "ताई, तुम्ही ऐकलंत! म्हणजे एक्केचाळीसांत एक."

"गुरुजी, काय वाचलंत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. एक निनावी, जुनं इंग्रजी नाटुकलं होतं. त्यात चोर पाद्र्याचे कपडे चढवून वाटेल ते प्रवचन देतो आणि सगळं गाव माना डोलावतं. प्रबंधातल्या त्या प्रकरणावर त्यांच्या मार्गदर्शक बाईंनी शेरा मारला होता की हे पटण्यासारखं नाही, कोणताही श्रोतृवर्ग इतका बधिर नसतो, हा लेखकाचा अतिरेक आहे. "मी ते मराठीत करून ठेवलं होतं, गंमत म्हणून. आज म्हटलं, बघू या. ताई, साडेचारशे वर्षं! समुद्र ओलांडून, भाषा बदलून, देव बदलून, आणि प्रयोग तसाच्या तसा यशस्वी! पीठावर बसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही. लोक पीठाला मान डोलावतात."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"कोणाचं काय गेलं?"

तेवढ्यात दार उघडलं. सबनीस आजी सपाता घालून उन्हात बाहेर आल्या. मूठ अजून मिटलेली.

"गुरुजी, एक विचारायचं होतं."

"बोला ना, आजी."

"तिसऱ्यात वाणी तुरुंगातून सुटला. पाचव्यात राजा आला, गवळी आले. मधे वाणी घरी पोचलाच नाही. त्याची नाव कुठाय?"

गुरुजींचा हात गाडीच्या टपावर गेला.

"माझ्या सासूबाई सांगायच्या, कथा अर्धी सोडली तर नाव बुडते. ही फुलं चौथ्याची. ती मी कुठं वाहू?" त्यांनी मूठ उघडली. शेवंतीच्या पाकळ्यांचा लगदा झाला होता. "माझ्या पोराला परवा जायचंय हो."

आणि मग, मी माझ्या कानांनी ऐकलं, आमचे गुरुजी त्यांच्याच नाटकातल्या पात्रासारखे बोलले. "आजी, पानं उलटीसुलटी झाली असतील. छापताना होतं असं."

"बरं," आजी म्हणाल्या. "मग लावून वाचा. पण पोराला कळू देऊ नका. त्याला आधीच झोप नाही."

त्या आत गेल्या. गुरुजी टपावर हात ठेवून तसेच उभे होते. टेक्ससच्या उन्हात तापलेला टप. त्यांना चटका कसा बसला नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुभाषकाकांकडे पूजा होती. ऐंशी माणसांचं आमंत्रण. मी नेहमीसारखी यादी घेऊन हजर होते. गुरुजी वेळेवर आले, पण सोवळं नेसले नाहीत. जीन्समध्येच पाटावर बसले आणि म्हणाले, "संकल्पाच्या आधी मला थोडं बोलायचंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मराठीत, सरळ, आडपडदा न ठेवता. काल सबनिसांकडे मी चौथा अध्याय वाचला नाही. त्याऐवजी एका चोराचं प्रवचन वाचलं. तुम्ही ऐकता का हे बघायला. मी तुम्हाला फसवलं. माझी श्रद्धा नाही आणि ज्यांची आहे त्यांची मी परीक्षा घेतली. मी माफी मागतो.

लोक आता ओरडणार, याला बाहेर काढणार. पैज लावली असती मी.

"गुरुजी पण ना!" सुभाषकाका मोठ्याने हसले. "सेन्स ऑफ ह्यूमर बघा."

"काका, मी विनोद करत नाहीये."

"अहो, पळीमुनी म्हणजे भागवतातलेच ना?" मागून एक जण म्हणाला. "मला काल आवडलं ते. प्रिंट आहे का?"

एक बाई घड्याळ बघत म्हणाली, "यार, सुरू करा ना, माझ्या मुलीचा दोन वाजता पियानोचा क्लास आहे."

गुरुजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कोणाला वेळ नव्हता. शेवटी ते पाटावरून उठले. "मी आज पूजा सांगणार नाही. यापुढेही नाही."

तेव्हा मात्र लोक चिडले! आदल्या दिवशीच्या फसवणुकीबद्दल एक शब्द नाही, पण ऐंशी माणसांचा स्वयंपाक झालाय, मुहूर्त टळतोय, आयत्या वेळी कॅन्सल करणं हे काय प्रोफेशनल आहे का? सुभाषकाका लाल झाले. "हा माणूस नास्तिक आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले. मग त्यांच्या मुलाने पूजेची सीडी शोधून आणली आणि लावली. काका पाटासमोर बसले. स्पीकरमधून आचमनाची सूचना आली, काकांनी आचमन केलं. शिऱ्याची वेळ मी कोणाला सांगितली नाही. पहिल्यांदाच माझी यादी मी तिथेच ओट्यावर टाकून बाहेर आले.

गुरुजी फुटपाथच्या कडेला बसले होते. "ताई, मला सबनिसांकडे सोडाल? एकट्याने गेलो तर मधेच गाडी वळवीन मी."

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे ते मागे राहणार नाही. नितीनला ऑस्टिनची नोकरी मिळाली नाही. सबनीस कुटुंब गणपतीच्या आधी परत गेलं. पुण्यात त्याचं बस्तान नीट बसलं, एवढं मला कळलं. गुरुजींनी प्रबंध पूर्ण केला. त्या प्रकरणातला श्रोत्यांबद्दलचा आपला मुद्दा त्यांनी मागे घेतला, असं त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून समजलं. कुठल्याशा लहान गावातल्या कॉलेजात त्यांना काम मिळालं आणि ते अर्विंग सोडून गेले. मंडळाने न्यू जर्सीहून फोनवर पूजा सांगणारे नवे गुरुजी शोधले. स्पीकर चांगला असला की भागतं. त्या रविवारनंतर मुकुंदगुरुजींना मी कधी पाहिलं नाही.

त्या रविवारी नितीन, अश्विनी आणि मुलगी सकाळीच ऑस्टिनला निघाले होते. आजी एकट्याच होत्या. गुरुजी आत आले, बसले नाहीत.

"आजी, पानं उलटीसुलटी झाली नव्हती. मी मुद्दाम केलं."

"का?"

"कोणी ऐकतंय का ते बघायला."

"मग? मी ऐकत होते ना."

"हो."

"ते माहीत असूनही मला छापण्याचं कारण सांगितलंत." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण गेलं. मला वाटलं, आता त्या त्यांना दार दाखवतील. त्यांनी विचारलं, "त्या चोराचं पुढं काय झालं?"

गुरुजींना कळेना. "कोणत्या चोराचं?"

"मठात लपलेल्या. तोही तुम्ही मधेच सोडलात. पकडला गेला का सुटला?"

"आजी, त्या नाटकाचं शेवटचं पान हरवलंय. कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे दोघंही अडकले," आजी म्हणाल्या. "बरं. वाण्याला तरी घरी आणू."

गुरुजींनी पिशवीतून पोथी काढली. आजींनी ती त्यांच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली. "तुम्ही नाही वाचायचं. तुमच्यावर माझा भरवसा नाही आता. मला पाठ आहे. मी सांगते, तुम्ही ऐका. पण ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं असतं."

त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. गुरुजी समोर फरशीवर, मांडी घालून, जीन्समध्ये, हात जोडून. मी दारात उभी होते. पुढे जावं की नाही ते ठरवता येईना. आजींचा आवाज बारीक होता, सूर नव्हता, भाजी निवडताना शेजारणीला सांगावं तसं त्या सांगत होत्या. वाणी निघाला. नाव भरलेली होती. वाटेत एक संन्यासी भेटला, त्याने विचारलं, नावेत काय आहे? वाणी खोटं बोलला.

"हूं," गुरुजी म्हणाले.

बराच वेळ असं चाललं. आजींचं वाक्य, गुरुजींचं हूं. मग आजी मधेच थांबल्या. त्यांनी गुरुजींकडे रोखून पाहिलं, बाई वर्गातल्या मुलाकडे बघतात तसं.

"कुठवर आलो?"

ही कथा या माणसाने आयुष्यात शेकडो वेळा सांगितली होती. माझ्याच घरी दोनदा. गुरुजींनी तोंड उघडलं. त्यांचे ओठ हलले, संस्कृतातली एक ओळ पुटपुटल्यासारखी झाली आणि तिथेच थांबली. ते खरोखर शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हतं.

"आजी," ते म्हणाले, "मला माहीत नाही. मी हे कधी ऐकलंच नाहीये."

आजींनी नुसती मान हलवली. पदर नीट केला, पाटावर थोड्या पुढे सरकल्या, आणि वाण्याची नाव बंदरातून पुन्हा काढली.